टेबलबाईंच्या बोटांखाली

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. हल्लीच्या पातळ आणि मुक्या कीबोर्डांसारखा मी नाही. मी विटेसारखा जड आहे आणि माझ्या प्रत्येक बटणाखाली एक छोटी स्प्रिंग आहे. माझ्यावर कोणी टाइप करू लागले की शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळते. माझी चार-पाच अक्षरे पुसून गेली आहेत, एक कोपरा उडाला आहे. पण बोटांची मला चांगली पारख आहे. घाबरलेली, कंटाळलेली, खोटे लिहिताना अडखळणारी, सगळी बोटे मी ओळखतो. त्यांतल्या दहा बोटांची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्याच्या अगदी टोकाशी एक तपासनीस बाई बसायची. ती प्रत्येक बटण दाबून कान देऊन ऐकायची. आवाज बसका आला, की बटण काढून पुन्हा बसवायची. माझे एक बटण तिने तीनदा बसवले आणि मग मला खोक्यात ठेवत म्हणाली, “जा आता, कामाला लाग.” आयुष्यात मला मिळालेला हा पहिला आशीर्वाद.

मी गेलो तो एका मोठ्या रुग्णालयाच्या दप्तरखान्यात. जमिनीपासून छतापर्यंत फायली, एक सरकती शिडी, आणि सगळीकडे जुन्या कागदाचा वास. तिथे राज्य होते दप्तरकाकांचे. कोणती फाइल कोणत्या फळीवर आहे हे त्यांना तोंडपाठ होते, म्हणून ते सुटी घेत नसत आणि घेतली तर रुग्णालय हवालदिल होई. त्या फायली संगणकात उतरवायला तेवीस वर्षांची एक मुलगी नेमली गेली. तिलाच पुढे सगळे बाई म्हणू लागले, म्हणून मीही तसेच म्हणतो.

पहिले काही महिने बाई नुसत्या नक्कल करत होत्या. संगणक बसवायला आलेला अभियंता जाताना एक जाडजूड पुस्तक विसरून गेला. डेटाबेस कसा रचायचा आणि त्याला प्रश्न कसे विचारायचे, हे त्यात होते. जेवणाच्या सुटीत एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने पान, असे बाईंनी ते पुस्तक वाचले. समजले नाही ते माझ्यावर करून पाहिले. एके दिवशी त्यांनी संगणकाला विचारले, गेल्या वर्षी पायाचे हाड मोडून किती माणसे आली? उत्तर आले, दोनशे चौदा.

दप्तरकाकांचा विश्वास बसेना. दोन दिवस शिडीवर चढून त्यांनी फायली काढल्या आणि म्हणाले, “दोनशे तेरा. तुझं यंत्र थापा मारतंय.”

बाईंनी काकांच्या यादीशी ताडून दोनशे चौदाव्या माणसाचे नाव वाचून दाखवले. काका पुन्हा शिडीवर चढले. ती फाइल दुसऱ्याच एका फायलीच्या पोटात शिरून बसली होती. काकांनी ती ओढून काढली आणि तिच्या जागी लावली. मग खाली उतरून म्हणाले, “शिकव मलाही थोडं.” काकांची जाड बोटे मला आजही आठवतात. ते माझे बटण दाबत नसत, दार ठोठावावे तसे ठोठावत.

एक गंमत सांगतो. डेटाबेसमध्ये ओळी आणि रकान्यांचा तक्ता असतो, त्याला टेबल म्हणतात. बाईंनी वरिष्ठांकडे अर्ज केला, “दोन नवीन टेबलं हवीत. एक औषधांसाठी, एक डॉक्टरांसाठी.” अर्ज फिरत फिरत गेला तो थेट सुतारकामाच्या खोलीत. आठवड्याने रुग्णालयाचा तरुण सुतार टेप घेऊन हजर.

“लांबी किती ठेवू?” त्याने विचारले.

“लांबीचं काही नाही. सोळा रकाने हवेत,” बाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या.

“सोळा खण? एका टेबलाला?”

मग गोंधळ उलगडला. बाईंनी त्याला पडद्यावरचे टेबल दाखवले, तो स्टुलावर बसून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “म्हणजे लाकूड लागणारच नाही?”

“नाही.”

“मग मोजमाप तरी घेतो. आलोच आहे तर.”

त्याने मोजमाप घेतले. त्यानंतर तो वरचेवर मोजमापे घ्यायला येऊ लागला, आणि वर्षभरात दोघांचे लग्न झाले. रुग्णालयात बाईंचे नाव कायमचे टेबलबाई पडले.

ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो. खिडकीतून तिरपे ऊन यायचे. दिवसभर माझी खडखड चालायची आणि कोणाला तिचा त्रास व्हायचा नाही. उलट ती थांबली, की बाहेरून कोणी तरी डोकावून विचारायचे, “टेबलबाई आज नाहीत का?”

एका दुपारी शस्त्रक्रिया विभागातून फोन आला. एका मुलीला तासाभरात भूल द्यायची होती. तिच्या नोंदीत काही नव्हते, पण आई म्हणत होती, की लहानपणी कुठल्याशा औषधाने पोरीचा श्वास अडकला होता. कोणते औषध ते तिला आठवत नव्हते. बाईंनी तिच्या नावाची आणखी एखादी नोंद शोधली, मिळाली नाही. जन्मतारीख घालून शोधली, नाही. मग आईचे नाव घालून शोधले, आणि त्या मुलीची दुसरी नोंद सापडली. कोणी तरी घाईत नाव आणि जन्मतारीख चुकवून एकाच मुलीच्या दोन नोंदी केल्या होत्या. औषधाचे नाव त्या दुसऱ्या नोंदीत होते, आणि नेमके तेच औषध त्या दिवशी द्यायचे ठरले होते. बाईंनी फोनवर ते नाव दोनदा वाचले. औषध बदलले. संध्याकाळी त्या विभागाच्या सिस्टर तीन जिने उतरून आल्या आणि बाईंचे हात धरून उभ्या राहिल्या. ते हात माझ्यावरच टेकले होते. तेवढी शाबासकी मला पुढे कधी मिळाली नाही.

दप्तरकाका निवृत्त झाले. फायली गेल्या, शिडी गेली. संगणक चार वेळा बदलला, पण बाईंनी मला बदलू दिले नाही. अशी सव्वीस वर्षे गेली. मग ते रुग्णालय एका मोठ्या संस्थेने आपल्यात सामावून घेतले. सगळ्या नोंदी दूरच्या कुठल्या तरी इमारतीतल्या यंत्रांवर गेल्या. नवीन साहेबांनी बाईंना बोलावून अगदी सौजन्याने सांगितले, “तुमच्या कामाला आता इथे माणूस लागत नाही.”

शेवटच्या दिवशी बाईंनी भांडारातल्या कारकुनाला विचारले, “हा कीबोर्ड मी नेऊ का?”

त्याने यादी पाहिली. “हा कागदोपत्री भंगारात निघालाय. न्या खुशाल.”

अशा रीतीने आम्ही दोघे एकाच दिवशी घरी आलो.

घरी बाईंच्या नवऱ्याने खिडकीशी एक फळी ठोकून दिली. माझी जुनी गोल पिन नव्या संगणकात बसेना, तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या लेकीने मधला जोड आणून लावला. मग मायलेकी नोकरीचा अर्ज लिहायला बसल्या.

“आई, हे काय? ‘रुग्णालयाच्या नोंदी सांभाळल्या.’ बस?”

“मग तेच केलं ना मी.”

“किती नोंदी?”

“असतील अकरा लाख.”

“अगं, मग तसं लिही ना!”

“स्वतःची टिमकी कशाला वाजवायची?”

“टिमकी नाही, माहिती आहे. तूच सांगतेस ना, रकाना रिकामा ठेवू नये म्हणून?”

बाईंनी लिहिले खरे, पण बोटे लाजत लाजत चालत होती. तीन महिन्यांत त्यांनी एक्केचाळीस अर्ज केले. चौतीस ठिकाणांहून काहीच आले नाही. सहा जणांनी आभार मानून नकार कळवला. उरलेल्या एकाने संगणकावरूनच मुलाखत घेतली. पलीकडे एक तरुण होता, बोलायला गोड. त्याने विचारले, “तुम्ही क्लाउडवर काम केलंय का?”

“हो,” बाई म्हणाल्या.

केले नव्हते. त्या दूरच्या यंत्रांना क्लाउड म्हणतात, एवढेच त्यांना ठाऊक होते. बाईंना आयुष्यात थाप जमली नाही, तेव्हाही जमली नाही. तरुणाने पुढचा साधा प्रश्न विचारला आणि बाईंची बोटे माझ्यावर गार पडली. “ठीक आहे, आम्ही कळवू,” तो हळूच म्हणाला. त्याने ओळखले होते, आणि त्याने ओळखले हे बाईंनी ओळखले होते.

त्या दिवशी बाईंनी माझ्यावर एक फडके टाकले. मग तेवीस दिवस मला बोट लागले नाही. माझ्यावर इस्त्रीचे कपडे आले, आलेली पत्रे आली, एकदा तर चहाचा कप आला. खिडकीतून धूळ येत होती आणि माझ्या फटींत साचत होती. बाई घरात असायच्या, पण घर त्यांचा आवाज विसरले होते. मित्रांनो, मोडलेल्या वस्तूला दुःख होत नाही. चालू असून कोणी विचारत नाही, त्या वस्तूला होते.

चोविसाव्या दिवशी सकाळी बाईंचा नवरा त्या फळीपाशी आला. त्याने कपडे उचलले, फडके काढले आणि खिशातला सुतारी ब्रश काढून माझ्या फटी झाडू लागला.

“राहू द्या हो,” बाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “कशाला उगीच?”

“आमच्याकडे ते संगणकावर चालणारं कापायचं यंत्र आलं, आठवतं का तुला?” तो झाडता झाडता म्हणाला. “पहिल्याच आठवड्यात मी अकरा फळ्या उलट्या कापल्या. तू पोट धरून हसली होतीस.”

“तुमचं वेगळं होतं.”

“वेगळं काय? उलट माझं लाकूड वाया जात होतं. तुझं काय वाया जाणार आहे?”

बाई परत स्वयंपाकघरात गेल्या. पण तो कामावर गेल्यावर खुर्ची ओढून बसल्या. रिकाम्या पडद्यावर त्यांनी लिहिले, “मला काय येत नाही.” आणि खाली लिहीत गेल्या. यादी मोठी होती. पण इतकी प्रामाणिक बोटे मी किती तरी दिवसांनी अनुभवत होतो.

रोज सकाळी आठ ते दहा बाई शिकू लागल्या. संगणकावरून शिकवणारी मुलगी त्यांच्या लेकीच्या वयाची होती आणि भरभर बोलायची. बाई तिचा धडा थांबवत, मागे नेत, पुन्हा ऐकत. हळूहळू त्यांना कळले, की पुष्कळशी नवी नावे म्हणजे जुनेच ओळखीचे लोक नवे कपडे घालून आले आहेत. “एवढंच होय!” असे त्या स्वतःशीच म्हणत. काही गोष्टी मात्र खरोखर नव्या होत्या, आणि तिथे त्यांना रडू यायचे बाकी राही.

नुसते धडे गिरवून हात बसत नाही, हे त्यांना ठाऊक होते. खरे काम हवे होते. ते आपल्या पायांनी घरी आले. तीन जिने उतरून आलेल्या त्याच सिस्टर आता निवृत्त झाल्या होत्या आणि दोन गल्ल्या पलीकडे राहत होत्या. आपल्या गॅरेजमधून त्या गरजू आजाऱ्यांना चाकांच्या खुर्च्या, कुबड्या आणि वॉकर वापरायला देत. सगळी नोंद सोळा वह्यांत होती.

“कोणती खुर्ची कोणाकडे आहे ते शोधायला बसले, तर ती सापडेपर्यंत पेशंट चालायला लागतो,” सिस्टर म्हणाल्या. “टेबलबाई, मला एक टेबल करून द्या.”

बाईंनी दूरच्या यंत्रावर जागा घेऊन डेटाबेस रचला. दोन महिने खपून सोळाही वह्या त्यात उतरवल्या. सिस्टरना आता एका क्षणात कळू लागले, की कोणती खुर्ची कोणाकडे आहे. सिस्टर भेटेल त्याला कौतुक सांगत. आणि एका मंगळवारी तो घात झाला.

एका निवृत्त पोस्टमनने खुर्ची नेली होती. सिस्टर शेजारी बसून सांगत होत्या आणि बाईंना ती त्याच्या नावावर करायची होती. एकाच खुर्चीची, अशी अट संगणकाला द्यायच्या आज्ञेत घालायची राहिली, आणि बोटाने माझे एंटरचे बटण दाबले. ते बटण माझेच होते, म्हणून अजून मला चुटपुट लागते. पुढच्या क्षणी गॅरेजच्या एकशे बाराही खुर्च्या त्या एकट्या पोस्टमनच्या नावावर झाल्या होत्या.

“घाबरू नका, रोज रात्री सगळ्या नोंदींची आपोआप प्रत निघते,” बाई म्हणाल्या. त्यांनी आदल्या दिवशीची प्रत उघडली. ती रिकामी होती. त्याआधीची उघडली, तीही रिकामी. पहिल्या दिवसापासून नुसती पाकिटे तयार होत होती, आत चिठ्ठीच नव्हती. रुग्णालयात हे काम संगणक कंपनीचा माणूस पाहायचा. ती प्रत उघडून पाहायची वेळ सव्वीस वर्षांत बाईंवर कधी आली नव्हती.

बाईंचा चेहरा उतरला. सिस्टर पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, “वह्या जाळल्या नाहीयेत मी. चला.”

चार दिवस सिस्टर वाचत होत्या, बाई टाइप करत होत्या. वह्यांनंतरच्या नोंदी मिळवायला बाईंचा नवरा फोन लावत होता. “नमस्कार, आमची चाकांची खुर्ची तुमच्याकडे आहे का? नाही नाही, न्यायला येत नाही. नुसतं विचारतोय.” या विचारण्यातून नऊ खुर्च्या अशा सापडल्या, ज्या घरोघरी अडगळीत पडून होत्या. त्या परत आल्या आणि वाट पाहणाऱ्या नऊ जणांना मिळाल्या. त्यानंतर दर शनिवारी बाई प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडत, सगळ्या खुर्च्या जागेवर आहेत का पाहत, आणि मगच उठत.

याच सुमारास बाईंनी पुन्हा एक अर्ज धाडला होता, आणि शहराच्या बससेवेच्या कार्यालयातून मुलाखतीचे बोलावणे आले. पडद्यापलीकडे दोघे होते, एक पोक्त बाई आणि एक पुरुष अधिकारी.

“क्लाउडचा अनुभव?” अधिकाऱ्याने विचारले.

“सात महिने. तोही शिकत शिकत,” बाई म्हणाल्या. “त्याआधी सव्वीस वर्षं जुन्या पद्धतीचं काम.”

“तुमच्या हातून झालेली एखादी मोठी चूक सांगाल?” पोक्त बाईंनी विचारले.

बाईंनी पोस्टमनची गोष्ट सांगितली. काही लपवले नाही, रिकाम्या प्रतीही नाही. ते दोघे हसले. अधिकारी म्हणाला, “आमच्याकडे असं होणार नाही. रोज प्रत निघते.”

“निघत असेल. पण उघडते का?”

“म्हणजे?”

“शेवटची कधी उघडून पाहिलीत?”

त्या पोक्त बाईंनी कागदावर काही तरी लिहिले. “आम्ही कळवू,” असे म्हणून त्यांनी निरोप घेतला.

“तोंड आवरायला हवं होतं मी,” बाई जेवताना म्हणाल्या. “मुलाखत द्यायला गेले आणि घेऊनच आले.” लेकीला हसू आवरेना, पण बाई दोन दिवस धुसफुसत होत्या. पुन्हा माझ्यावर फडके पडते की काय, अशी मला धास्ती वाटली. पडले नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्या धड्याला बसल्या, तोंड पाडून का होईना.

चौथ्या दिवशी फोन आला. तो माझ्या शेजारीच ठेवला होता, त्यामुळे मी सगळे ऐकले.

“आम्ही उघडून पाहिलं,” त्या पोक्त बाईंचा आवाज होता. “पाच महिन्यांपासून प्रती निघत होत्या, पण आत काहीच नव्हतं. उद्या यंत्र बंद पडलं असतं तर आमच्या बस कुठे लावायच्या हेही आम्हाला कळलं नसतं. पद थोडं खालचं आहे, आणि तुमचे साहेब वयानं तुमच्यापेक्षा बरेच लहान असतील. चालेल का?”

“चालेल,” बाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि दोन्ही तळहात माझ्यावर टेकवून त्या बसून राहिल्या. एकही बटण दाबले नाही. बोटे उबदार होती. ती ऊब कशाची असते ते मला ओळखता येते.

नव्या कार्यालयात त्या मला घेऊन गेल्या होत्या, पण एकच दिवस. मोठ्या दालनात चाळीस माणसे शांतपणे काम करतात. शेजारच्या मुलीने अदबीने विचारले, “मावशी, बाहेर गारा पडतायत का?” संध्याकाळी मी परत आलो. मला राग आला नाही. काळ बदलला आहे आणि माझा आवाज बदलणार नाही.

आता मी सिस्टरांच्या गॅरेजमध्ये असतो, खुर्च्या आणि कुबड्यांच्या मधल्या एका टेबलावर. हे टेबल मात्र खरेखुरे लाकडी आहे. दर शनिवारी बाई इथे येतात आणि काम सुटलेल्या तिघांना डेटाबेस शिकवतात. एक जण छापखान्यात होते, एक बाई विमा कंपनीत टाइपिस्ट होत्या, तिसरे गोदामाचे हिशेबनीस. तिघांचीही पन्नाशी उलटली आहे. त्यांची बोटे माझ्यावर दबकत दबकत येतात, एकेक अक्षर शोधतात, चुकतात, इकडे तिकडे पाहतात. बाई त्यांच्या खुर्चीमागे हात बांधून उभ्या राहतात आणि काही बोलत नाहीत. त्या शांततेत माझा एकेक ठोका स्वच्छ ऐकू येतो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, तर टाकण्याआधी तिची धूळ झाडून पाहा. कदाचित ती अजून चालत असेल. आणि तुमच्या घरी कोणी मोठे माणूस नव्याने काही शिकत असेल, अक्षरे शोधत असेल, तर “सरक, मी करतो” असे म्हणू नका. थोडे थांबा. ते बटण त्यांचे त्यांना सापडू द्या.